दर महिन्याला ट्रेनिंग होऊनही हॉटेलच्या स्टाफमध्ये फरक का पडत नाही?

प्रश्न असा आहे: दर महिन्याला ट्रेनिंग होतं, हजेरीवर सह्या होतात, तरी फ्लोअरवर फरक दिसत नाही, मग कोचिंग-मेंटॉरिंग वेगळं सुरू करावं, की बाहेरून ट्रेनर आणावा?

ट्रेनरचं नंतर बघू. तुमचा सुपरवायझर रूम तपासताना काय करतो ते आधी बघा. टबमध्ये केस दिसला की तो स्वतःच टिश्यूने उचलतो, उशी सरळ करतो, रूम ओके करून पुढे जातो. पाहुण्याला रूम स्वच्छ मिळते, पण काही राहिलं होतं हे रूम साफ करणाऱ्या अटेंडंटला कळतच नाही. उद्या केस पुन्हा तिथेच. अशा फ्लोअरसाठी बारा महिने वर्ग भरवलेत तरी उपयोग नाही.

शब्दांचा घोळ थोडक्यात मिटवू. रीत माहीतच नसेल तर ट्रेनिंग. माहीत आहे पण रोजच्या कामात उतरत नाही, तर कोचिंग. काम उत्तम येतं पण पुढे कुठे जायचं ते कळत नाही, तर मेंटॉरिंग. मेंटॉर हा थेट वरचा साहेब नसावा. जो अप्रेझल लिहितो त्याच्यापुढे 'मला हाउसकीपिंग सोडून फ्रंट ऑफिसला जायचंय' असं कुणी बोलत नाही. आणि लिननच, म्हणजे चादरी-टॉवेलच, पुरत नसेल, तीन फ्लोअरमध्ये मिळून एकच व्हॅक्यूम असेल, तर ते ट्रेनिंगचं दुखणंच नाही. ते खरेदीवाल्यांकडे न्या.

आता समजा, चेकआउट रूमला, म्हणजे पाहुणा सोडून गेलेल्या रूमला, ३० मिनिटं धरली आहेत आणि नव्या मुलीला ४५ लागतात. नेहमीचा उपाय म्हणजे तिला पुन्हा वर्गात बसवणं, नाहीतर 'हात चालव' म्हणणं. दोन्ही फुकट. सुपरवायझरने कागद-पेन घेऊन कोपऱ्यात गप्प उभं राहावं आणि ती ट्रॉलीकडे जितक्या वेळा जाते तितक्या रेघा ओढाव्यात. आठ-दहा रेघा निघाल्या तर वेळ कुठे जातो ते तिथेच कळलं. चादरीला एक फेरी, अभ्रे राहिले म्हणून दुसरी, टॉवेलला वेगळी, साबण-शाम्पूला वेगळी, कचऱ्याला वेगळी. हे सगळं तीन फेऱ्यांत बसतं. पलंग आणि बाथरूम दोन्हीकडचं मळलेलं आधी काढायचं, बाहेर नेताना नग मोजायचे, ग्लोव्ह्ज बदलून तेवढेच धुतलेले नग एकदम आत आणायचे.

दुसरी गळती बाथरूममध्ये. केमिकल फवारून लगेच पुसलं की डाग सुटत नाही आणि मग घासत बसावं लागतं. जंतुनाशकाचंही तसंच, लेबलवर जितकी मिनिटं लिहिली आहेत तितका वेळ पृष्ठभाग ओला राहायला हवा. म्हणून मळलेलं काढलं की आधी फवारायचं, मग पलंग करायचा, मग पुसायला यायचं. पलंगाच्या एका बाजूला चादरीचे दोन्ही कोपरे खोचून, ड्युव्हे (जाड पांघरूण) ओढून मगच पलीकडे जायचं. प्रत्येक थरासाठी पलंगाला प्रदक्षिणा घालणारा माणूस दिसला की घड्याळ लावायची गरज उरत नाही. व्हॅक्यूम शेवटी, खिडकीकडून दाराकडे.

हे सगळं तिला एका दिवसात सांगू नका. पहिल्या दिवशी फक्त ट्रॉलीच्या फेऱ्या. शिकवण्याची रीत जुनीच आहे. १९४० साली अमेरिकेत 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाची योजना सुरू झाली, तिने कारखान्यांत रुजवलेल्या या चार पायऱ्या: शिकणाऱ्याची तयारी करून घ्या, करून दाखवा, करवून घ्या, नंतर लक्ष ठेवा. हॉटेलवाले दुसरी आणि चौथी बिघडवतात. नेहमीच्या वेगात हात चालवत वर तोंडानेही सांगत राहतात. समोरच्याने ऐकायचं की बघायचं? एकदा न बोलता, नेहमीच्या वेगात दाखवा. मग सावकाश, प्रत्येक टप्प्याचं कारण सांगत. तिसऱ्या पायरीवर तिने करता करता कारणं स्वतः बोलायची. ती आली नाहीत तर तिने फक्त नक्कल केली आहे असं समजा. चौथी पायरी म्हणजे तीच एक गोष्ट दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने तपासणं. बहुतेक ठिकाणी ही पायरीच नसते.

टबमधला केसही असाच हाताळायचा. उचलू नका, तिला बोलवा. कमोडच्या झाकणावर बसून बघायला सांगा, टबपाशी उभं राहून बघायला सांगा, कारण पाहुणा तिथूनच बघतो. बेसिनची खालची बाजू, दारामागची भिंत, शॉवरच्या काचेची खालची कड तिथूनच दिसतात. 'काय दिसतं?' एवढं विचारा आणि गप्प राहा. आपण बोट दाखवलं की डोळे आपलेच तयार होतात, तिचे नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं, 'वेळ कुठे आहे?' हा वाद घालून मला कंटाळा आलाय. वेळ रोस्टरमध्ये, म्हणजे ड्युटीच्या तक्त्यात असतो. शिकवणाऱ्या अटेंडंटला रोज १४ रूम असतील तर त्या दिवशी ११ द्या. १४च ठेवल्यात तर ती नवीन मुलीला चादरीचं टोक धरायला उभी करेल, आणि त्यात तिची काय चूक? फुल हाउस असेल त्या दिवशी शिकवायच्या भानगडीत पडू नका.

शिकवायला सगळ्यात वेगवान माणूस निवडू नका. त्याचे हात आपोआप चालतात, आपण कोणते टप्पे गाळतो हे त्यालाच ठाऊक नसतं. हात मागे बांधून नुसत्या शब्दांत पलंग कसा करायचा ते सांगायला लावा. ज्याला जमेल त्याला निवडा.

'शिकवलं की दुसरीकडे जातात' म्हणणाऱ्यांनी सोडून गेलेल्यांच्या तारखा काढून बघाव्यात. पहिल्या काही आठवड्यांतच गेलेल्यांचा दोष शिकवण्यावर कसा टाकणार? त्यांना तर दुसऱ्या दिवशीच एकटं फ्लोअरवर सोडलेलं असतं. अनुभव घेऊन मग गेलेला माणूस मागे एक-दोघांना तयार करून गेला असेल, तर मला तो तोटा वाटत नाही.

राहिला बाहेरचा ट्रेनर. ट्रेनिंग मोजायच्या चार पातळ्या डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ साली मांडल्या: लोकांना आवडलं का, ते शिकले का, कामात बदल झाला का, आणि धंद्याला फायदा झाला का. दिवसाच्या शेवटी भरून घेतात तो फॉर्म फक्त पहिली पातळी मोजतो. तिसरी पातळी तपासायला महिन्याभराने परत फ्लोअरवर येईन असं जो लिहून देईल, त्यालाच बोलवा. तक्रार हाताळण्याचा सराव किंवा भाषा यांसाठी बाहेरचा माणूस उपयोगी पडतो. रूमच्या कामासाठी मला गरज दिसत नाही.

एक राहिलं. 'काय दिसतं, काय वाटतं' असं विचारणं सगळीकडे चालत नाही. ब्लीच आणि ॲसिडवालं टॉयलेट क्लीनर एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो. आगीचा अलार्म, किचनमधलं तापमान, कच्चं मांस कापायचा वेगळा बोर्ड ही त्याच जातीची कामं. तिथे सरळ हुकूम द्या, करवून घ्या, आणि पुढच्या शिफ्टला परत विचारा. आणि डबल शिफ्ट करून थकलेल्या माणसाला कोचिंग देऊ नका, घरी पाठवा.