मुलगी मुंबईत बी.ए. इतिहास करतेय. ओजेटीचं (ऑन-जॉब ट्रेनिंग, म्हणजे अभ्यासक्रमातलं प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण) नुसतं सर्टिफिकेट आणावं की खरंच कुठे काम करावं? पुढे नोकरीला उपयोग होतो का?

खरंच काम करावं. ओळखीतल्या ऑफिसातून शिक्का मारून आणलेला कागद मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला उघडा पडतो.

मीही इतिहासाचीच. तिसऱ्या वर्षाला दादरला संध्याकाळचा मोडी या जुन्या मराठी लिपीचा वर्ग केला आणि फोर्टमधल्या एका वकिलांकडे जायला लागले. अलिबागकडच्या जमिनींचे दावे ते चालवायचे. जुनी गहाणखतं, खरेदीखतं मी मोडीतून बाळबोधीत, म्हणजे आजच्या देवनागरीत, उतरवून द्यायचे. मोडीत शब्द कुठे तुटतो कळत नाही, ह्रस्व-दीर्घाचा भरवसा नाही, त्यात कागद कसरीने खाल्लेला. पहिल्याच महिन्यात एका गहाणखतात ‘५॥ बिघे’ आलं. त्या दोन उभ्या रेघा मी सोडून दिल्या, नुसतं पाच लिहिलं. वकीलसाहेब ओरडले नाहीत. कागद माझ्याकडे सरकवून म्हणाले, “अर्धा बिघा कुठे गेला, बघा जरा.” पाव, अर्धा, पाऊण रेघांनी लिहितात हे वर्गात शिकले होते, परीक्षेत मार्कही मिळाले होते. पण कोणाची तरी अर्धा बिघा, म्हणजे दहा पांड जमीन माझ्या वहीत बुडाली, तेव्हा ते डोक्यात बसलं. आजही रेघा मोजल्याशिवाय मी पुढची ओळ वाचत नाही.

दुपारचे तास बुडाले म्हणून कॉलेजात हजेरी कमी भरली. वकीलसाहेबांचं पत्र घेऊन गेले, तर विभागप्रमुखांनी ते न वाचताच बाजूला ठेवलं. “हे कारकुनी काम आहे, याचा इतिहासाशी संबंध नाही.” आईला बोलावून हमीपत्र लिहून घेतलं. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही नाही. मूळ कागद वाचणं हा इतिहास नसेल तर नोट्स पाठ करणं कसा काय? आता नव्या शैक्षणिक धोरणात अशाच कामाला ओजेटी म्हणून चार क्रेडिट मिळतात, १२० तास भरावे लागतात. २०२३ मध्ये न्या. शिंदे समितीचं मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्याचं काम सुरू झालं, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. मला त्या सरांची फार आठवण आली.

मुलीला काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुराभिलेखागार, म्हणजे जुने सरकारी कागद जपतात ती जागा, दाखवा. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात चौकशी करा. मोडीच हवी असं नाही. ग्रंथालयातली सूची, वर्तमानपत्रातलं मुद्रितशोधन, काहीही चालेल, फक्त चूक दाखवणारं माणूस समोर हवं. नोकरी लागेलच असं मात्र मी म्हणणार नाही. आणि निदान लोकलच्या पासाचे पैसे तरी मागून घ्या, फुकट राबणं सगळ्या घरांना परवडत नाही.

शेवटी पत्र घ्याल तेव्हा ‘वर्तणूक चांगली’ एवढ्यावर थांबू नका, काय केलं ते लिहून घ्या. माझ्या पत्रात होतं, ‘यांनी ४३ मोडी दस्त वाचून बाळबोधीत उतरवले.’ पहिली नोकरी मला त्या ओळीवर मिळाली. सरांनी न वाचलेलं पत्र तेच.