वासोट्याला पहिल्यांदा जातोयस म्हणून

पहिलाच मोठा ट्रेक आणि थेट साताऱ्याकडचा वासोटा किल्ला निवडलास, बरं केलंस. पण पावसाळ्यात तो बंद असतो, आणि व्याघ्र प्रकल्पाचा भाग असल्यामुळे वनखात्याची परवानगी लागते, मुक्काम चालत नाही. म्हणजे बामणोलीहून सकाळची पहिली लाँच पकड. शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, ओलांडायलाच तासाहून जास्त जातो. दुपारी पोचून घाईघाईत चढणं हा मूर्खपणा मी एकदा केलाय.

पायथ्याच्या मेट इंदवलीला उतरल्यावर प्लास्टिकची मोजदाद होते, तेव्हा वेफर्सची पुडकी घरीच ठेव. पिठलं-भाकरी उत्तम. मारुतीच्या पडक्या देवळाजवळच्या ओढ्यावर बाटल्या भरून घे, पुढे अंगावर येणारा चढ आहे.

जंगल दाट आहे, ऊन क्वचितच लागतं. तिथे गप्पा बंद! वर झाडाच्या शेंड्यावरून खडखडाट ऐकू आला की थांब, तो शेकरू, म्हणजे मोठी खार. तांबूस पाठ, पिवळसर पोट, लांबलचक शेपूट फांदीवरून खाली सोडलेली. गवा दिसला तर फोटोसाठी पुढे सरकू नकोस. पिल्लू सोबत असेल तर मुकाट मागे फिर. ऑक्टोबर-नोव्हेंबरात जळवा असतात. मोज्यांवर तंबाखूचं पाणी शिंपड, आणि चिकटलीच तर ओढू नकोस, मीठ लाव.

वर बाबूकडा बघायला पोटावर झोप. कड्याची ती नालेसारखी वळलेली भिंत उभ्याने बघायची नाही, वारा भरवशाचा नाही. तिथे बसून डबा उघड, पण परतीच्या लाँचची वेळ नावाड्याला आधीच विचारून ठेव.