लेकीसोबत एकाच पियानोवर बसताना

ताई, लेकीसोबत वाजवायचं ठरवलंत, फार बरं वाटलं. सुरुवात डियाबेली या संगीतकाराच्या ओपस १४९ पासून करा, म्हणजे एका पियानोवर दोघांनी वाजवायच्या त्याच्या छोट्या रचनांच्या संग्रहापासून. त्यात उजवीकडे बसणाऱ्याला, म्हणजे प्रीमोला, पाचच सुरांत वाजवायचं असतं; हात जागचा हलत नाही. तिथं लेकीला बसवा, डावीकडचा सेकंदो तुम्ही घ्या. पेडलही तुमच्याच पायाखाली, कारण खर्जातले सूर तुमच्या हातात असतात.

खरी कसरत मधल्या जागेत. तुमचा उजवा आणि तिचा डावा हात एकमेकांत अडकतात. कुणाचा हात वर, कुणाचा खाली, हे आधीच ठरवून पेन्सिलीनं नोटेशनवर लिहून ठेवा, कोपरं अंगाशी धरा. सुरू करताना तोंडानं मोजण्यापेक्षा दोघींनी एकत्र श्वास घ्यावा. ती चुकली तर मात्र थांबू नका, तिच्याकडे बघूही नका. तुमची डावी बाजू चालू राहिली की ती पुढच्या ठोक्याला आपसूक येऊन मिळते. माझ्या मते सगळ्या रियाजातली हीच मोलाची गोष्ट.

आणि आपल्या नागपूरच्या उन्हाळ्यात कूलर पियानोच्या खोलीत नकोच. दमट हवेनं लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात. ट्यूनिंग पावसाळा सरून हवा कोरडी झाल्यावर करून घ्या.