नाशिकजवळ छोटा होमस्टे आहे. दसरा-दिवाळीत पाहुण्यांना आपल्याच शेतातलं आणि रानातलं काय वाढता येईल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यात चार खोल्या, मागे अर्धा एकर, डझनभर गावरान कोंबड्या, नवरात्रापासून कार्तिकापर्यंत ताट शक्य तितकं घरचं कसं ठेवायचं? ठेवता येतं, पण त्याची तयारी गणपतीतच करावी लागते.

लक्ष्मीपूजनापासून दिवस उलटे मोजा. मेथी 25 ते 30 दिवसांत काढणीला येते. दसरा ते लक्ष्मीपूजन दिवस जेमतेम वीस, म्हणजे दसऱ्याला पेरलेली मेथी दिवाळी चुकवते. ती घटस्थापनेला पेरा. कोथिंबिरीला 40 ते 45 दिवस लागतात, म्हणून अनंत चतुर्दशीच्या सुमारास. धणे चपलेने हलके रगडून दोन फाका करायच्या, रात्रभर भिजवायचे, मगच पेरायचे. अख्खा धणा उशिरा आणि विरळ उगवतो. परतीचा पाऊस दोन्हींचा शत्रू. सपाट वाफ्यात पाणी साचलं की कोवळी रोपं बुडाशी सडून आडवी होतात. गादीवाफे वीतभर उंच करा आणि एकदम सगळं न पेरता आठ-आठ दिवसांनी एकेक वाफा पेरा.

रानाबद्दल माझं स्पष्ट मत: या दिवसांत 'रानभाज्या मिळतील' अशी पाटी लावू नका. करटोली, टाकळा, कुर्डू ही पावसाळ्याची भाजी. अश्विनात टाकळ्याला शेंगा धरलेल्या असतात, कुर्डूला तुरे येतात आणि पानं निबर होतात. आता मिळतं ते बांधावरचं: घोळ, तांदुळजा, सीताफळ, अंबाडीची बोंडं, आणि कार्तिकात आवळा. सीताफळाच्या डोळ्यांमधल्या रेघा रुंद आणि पिवळसर झाल्या की उतरवा, दोन-तीन दिवसांत पिकतं. कच्चं फ्रीजमध्ये ठेवलं तर काळं पडतं, पिकत नाही. जंगलातलं मात्र स्वतः तोडायला जाऊ नका. 2006च्या वनहक्क कायद्याने गौण वनउपजावर (लाकूड सोडून जंगलातलं बाकीचं उत्पन्न) हक्क तिथल्या आदिवासींचा, इतर पारंपरिक वननिवाशांचा आणि ग्रामसभांचा आहे. हरसूल, पेठकडच्या बाजारात बायका पाटी घेऊन बसतात, त्यांच्याकडून विकत घ्या. कडूकंद (रानातला कडू कंद) तर ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या शिजतो त्यांच्याच हातचा हवा. पातळ चकत्या राखेच्या पाण्यात उकडून वाहत्या पाण्यात रात्रभर ठेवतात. हे अर्धवट झालं तर विषबाधा होते.

लाल अंबाडी जूनमध्ये बांधावर टोकलेली असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात बोंडं भरतात. फूल गळाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी, बोंड हाताने कटकन मोडतंय तेव्हा काढा. उशीर झाला की आतली बी वाळते आणि बाहेरच्या मांसल पाकळ्या चामट होतात. बुडाशी सुरीने गोल काप द्या, बियांची गाठ मागून ढकला, लाल टोपी अख्खी सुटते. या पाकळ्यांची चटणी होते, सरबत होतं. सावलीत वाळवल्या तर 1 किलोच्या साधारण 100 ग्रॅम उरतात. उकळताना स्टीलचंच भांडं घ्या, आंबटपणा ॲल्युमिनियमला खातो.

उपवासाच्या पाहुण्यांसाठी भगर लागणारच, आणि इथे खरी काळजी घ्या. नवरात्रात नवी वरई शेतात कापणीलाच आलेली असते, म्हणजे डब्यातली भगर अख्खा पावसाळा काढलेली असते. दमट भगरीला बुरशी धरते आणि तिचं विष शिजवूनही जात नाही. सुटं पीठ आणूच नका. भगर निवडा, कुबट वास आला तर सरळ फेकून द्या, आणि पीठ दोन दिवसांपुरतंच घरी दळा. दिवाळीनंतर नवा इंद्रायणी तांदूळ येईल; त्याला जुन्या तांदळाइतकं पाणी घातलं तर खिमट होतं. वाटीला सव्वा ते दीड वाटी पुरे.

आता कोंबड्या. ऐन दिवाळीत अंडी कमी होतात तेव्हा लोक खाद्याला दोष देतात. मुख्य कारण उजेड. ऑक्टोबरअखेर आपल्याकडे दिवस साडेअकरा तासांच्या आसपास येतो. दिवस आखडला की वर्षावरच्या कोंबड्या पिसं झाडतात आणि दोन-तीन महिने अंड्यांवरून उतरतात. उपाय दोन. फेब्रुवारी-मार्चमध्ये अंडी उबवून घ्या. त्यातून निघालेल्या तलंगा (तरुण कोंबड्या) भाद्रपदाच्या पुढेमागे अंड्यावर येतात आणि पहिल्या शरदात सहसा पिसं झाडत नाहीत. दुसरा, खुराड्यात साधा 9 वॅटचा एलईडी लावा, पण पहाटे. संध्याकाळी दिवा अचानक विझला की कोंबड्या अंधारात खाली अडकतात, दांडीवर चढत नाहीत. दर आठवड्याला अर्धा तास वाढवत उजेड 14 तासांवर न्या. पिसं झाडायला लागलेल्या कोंबडीला मात्र दिव्याने ओढू नका. तिला शेंगदाणा पेंड, सुकट असं प्रथिनांचं खाद्य द्या, कारण नवं पीस त्यातूनच घडतं. सणासाठी बाजारातून नव्या कोंबड्या आणल्या तर तीन आठवडे वेगळ्या ठेवा आणि आपल्या कोंबड्यांना मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस त्याआधी देऊन ठेवा.