बैठक भरवणाऱ्याला

चिरंजीवास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. दर महिन्याला एक बैठक, मामांच्या माडीवर, समाज-राजकारण-नीती यांवर मोकळी चर्चा. बेत झकास आहे. सोबतची विषयांची यादी वाचून मात्र हिरमुसलो. ‘संस्कृतीपुढील आव्हाने’, ‘लोकशाहीचे भवितव्य’, ‘श्रद्धा आणि विवेक’. असला विषय दिला की माणूस खाकरतो, सावरून बसतो आणि भाषण ठोकतो. भाषणाची हौस असणाऱ्यांची आपल्या कोल्हापुरात वानवा नाही. त्यांच्यासाठी बिंदू चौक आहे, शाहू स्मारक आहे. माडी कशाला अडवतोस?

विषय असा घे, ज्यात आलेल्या माणसांचं स्वतःचं काहीतरी अडकलेलं आहे. शिरोळ तालुक्यातल्या नांदणीची हत्तीण घे. जुलै 2025 मध्ये न्यायालयाच्या आदेशानं मठातली महादेवी, म्हणजे आपली माधुरी, जामनगरला रिलायन्सवाल्यांच्या वनतारा या प्राणिकेंद्रात गेली आणि जिल्हा पेटून उठला. नांदणीपासून कोल्हापुरापर्यंत लोक चालत आले, कितीकांनी रागानं रिलायन्सच्या जिओचा मोबाइल नंबर सोडून दुसरी कंपनी धरली. तुझी तिन्ही शीर्षकं या एका हत्तिणीत बसतात. शिवाय मठ जैनांचा, अहिंसेला सगळ्यात वर ठेवणाऱ्यांचा. मग एकटीनं साखळीत राहणाऱ्या हत्तिणीबद्दल काय म्हणायचं? हे बाहेरच्यानं विचारलं तर टोमणा होतो. मठावर जीव असलेल्या कुणी विचारलं तर सगळे गप्प होऊन ऐकतात. तेव्हा शिरोळकडचा, त्या पदयात्रेत चाललेला एक जण बोलाव, आणि जनावरांचा एक डॉक्टरही, ज्याला हत्तीच्या पायाचं दुखणं म्हणजे काय ते ठाऊक आहे.

मग प्रश्न सुटे करून घे. हत्तिणीचं भलं कशात आहे, हा एक. ते कुणी ठरवायचं, हा दुसरा. आणि ज्यांनी ठरवलं त्यांच्यावर आपला भरवसा का बसत नाही, हा तिसरा. माझा अंदाज असा की, राग सगळा तिसऱ्याचा असतो आणि भांडण पहिल्याच्या नावानं चालतं. हे माणसांना आपणहून दिसलं की निम्मा आवाज खाली येतो. त्या दिवशी निकाल नाही लागला तरी चालेल. नाहीच लागणार.

आपल्याकडच्या जुन्या शास्त्रचर्चेची एक शिस्त उचल: आधी पूर्वपक्ष. ज्याला विरोध करायचा आहे त्याचं म्हणणं आधी तू मांडायचं, तेही असं की त्यानं मान डोलवावी. मग तुझं खंडन. राजाराम कॉलेजात आ. ने. उपाध्ये वर्षानुवर्षं अर्धमागधी, म्हणजे जुन्या जैन ग्रंथांची भाषा, शिकवत होते. सत्याला अनेक बाजू असतात हा अनेकांतवादाचा विचार ज्या वाङ्मयात घडला, त्याचा एवढा मोठा अभ्यासक या गावात होता, आणि तरी आपल्या पेठांतल्या वादात ‘तुझंही एका बाजूनं खरं असेल’ हे वाक्य ऐकू येत नाही. असो. पूर्वपक्षाची अट पहिल्याच दिवशी घाल. दोघं-तिघं चिडून उठून जातील. जाऊ देत.

आरक्षणाचा विषय निघणारच. कोल्हापुरात तो अभिमानानं सुरू होतो आणि अभिमानातच संपतो. तू शाहू महाराजांचा 26 जुलै 1902 चा जाहीरनामा मोठ्यानं वाचायला लाव. त्यात घोषणा नाहीत, कारभार आहे: संस्थानच्या नोकऱ्यांतल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा 50 मागासलेल्या वर्गांना, आणि केलेल्या नेमणुकांचा तक्ता खातेप्रमुखांनी दर तिमाहीस पाठवायचा. त्यामागचा आकडाही सांग. 1894 साली महाराजांच्या हाती कारभार आला तेव्हा सामान्य प्रशासनातल्या 71 जागांपैकी 60 ब्राह्मणांकडे होत्या. एवढं कानावर पडलं की ‘गुणवत्ता’ आणि ‘न्याय’ हे शब्द वापरताना दोन्ही बाजूंना जरा विचार करावा लागतो. कुठल्याही बैठकीला असा एक कागद हवाच, कात्रण असो, निकालपत्र असो वा ठराव. फार वाचायला लावू नकोस. पानभर पुरे.

आता माडीवर कोण बसणार, याचं बोलू. तुझ्या यादीत बारा नावं आहेत, बाराही पुरुष, आणि आडनावं वाचली तर चार गल्ल्यांच्या बाहेर जात नाहीत. भाऊसिंगजी रोडवर गंगाराम कांबळे यांनी हॉटेल काढलं तेव्हा शाहू महाराज गाडी थांबवून तिथं चहा घेत आणि सोबतच्या मंडळींनाही घ्यायला लावत. अस्पृश्यतेवर त्या काळी व्याख्यानं कमी झाली नव्हती, पण सरदार-मानकऱ्यांच्या हातात तो कप आला तेव्हा त्यांना प्रश्न कळला. तुझ्या माडीवर चहा कोण करणार? मामी? मग मामी चर्चेत कधी बसणार?

वेळ तू संध्याकाळी साडेसातची ठेवली आहेस. साडेसातला घरोघरी कुकर लागतो. रविवारी दुपारी चारला ठेव, म्हणजे बायका येऊ शकतील. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये अशा बैठका बायकाच चालवायच्या. मादाम जोफ्रँ नावाच्या बाई सोमवारी चित्रकारांना आणि बुधवारी लेखकांना जेवायला बोलवत, आणि बोलण्याचा लगाम स्वतःच्या हातात ठेवत. आपल्याकडं उलट. मे 2022 मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, तेव्हा कुंकू आणि बांगड्या या विषयांवर पुरुषांच्या किती मुलाखती झाल्या ते आठव. ठरावानं चाल मोडते का, हा तुझ्या माडीसाठी फार चांगला प्रश्न आहे. पण जिचं कपाळ आहे ती खोलीत नसेल तर तो विषय घेऊच नकोस.

तू स्वतः कमी बोल. शाहू स्टेडियमवर पेठांचा फुटबॉलचा सामना नीट पार पडला की रेफरीचं नाव घरी जाताना कुणाला आठवत नाही, तसं व्हायला हवं. जो तासभर गप्प आहे त्याला ‘तुमचं काय मत?’ असं विचारू नकोस, तो बिचकेल. ‘तुमच्याकडं हे कसं करतात?’ असं विचार.

रेकॉर्डिंग नको. फोन खाली चपलांपाशी ठेवायला सांग. बाहेर जाणारं एखादं वाक्य माणसाला किती महागात पडेल याचा नेम नाही. आपले कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरे सकाळी फिरून घरी परतत होते. 16 फेब्रुवारी 2015 ला गोळ्या झाडल्या, 20 ला ते गेले. तुला घाबरवायला हे लिहीत नाही. त्यानंतरही या शहरातली माणसं ठरवून सकाळी एकत्र फिरायला निघाली. फक्त माडीवर येणाऱ्याला तिथं अर्धवट, कच्चं बोलायची मुभा हवी, आणि समोर कॅमेरा असला की ती राहत नाही.

पहिल्या बैठकीचं बोलावणं मला नको. मी असलो की सगळे माझ्याकडं बघून बोलतील आणि शेवटी ‘सर, आता तुम्ही सांगा’ होईल. चार-पाच बैठका होऊ देत, कोण टिकतं ते दिसू दे. मग कळव. हेरवाडचा विषय ठेवलास तर मात्र ठरावाची प्रत आधी धाड, माझ्याकडची कुणीतरी नेली ती परत आलेली नाही.

तुझा,
सर