बॉट घ्यायचा का भाऊ? आधी व्हेंडर मास्टर उघडून बघा

प्रश्न : जळगाव एमआयडीसीत आमचा प्लास्टिक चटईचा कारखाना आहे. दाणा, मास्टरबॅच, धागा, पॅकिंग, मशीनचे स्पेअर सगळं धरून महिन्याला साडेतीनशे-चारशे खरेदीची बिलं येतात. परचेसला दोन पोरं आहेत, दिवसभर टॅलीत एन्ट्र्या मारतात तरी आठवडाभर मागेच असतात. आता एक पार्टी आरपीए (रोबोटिक प्रोसेस ऑटोमेशन, म्हणजे बॉट) घ्या म्हणून मागे लागलीय, म्हणे बॉट सगळं करेल आणि एक माणूस कमी होईल. घ्यावं का?
– एक वाचक, जळगाव

उत्तर : भाऊ, सही करायच्या आधी एक काम करा. आज संध्याकाळी टॅलीतून सगळ्या सप्लायरची यादी, म्हणजेच व्हेंडर मास्टर, एक्सेलमधे काढा, ए टू झेड लावा आणि चहा घेत नुसती वरून खाली वाचा. मी पैज लावतो, धागा देणारा एकच माणूस तुम्हाला तीन-चार ठिकाणी सापडेल. एकदा मेसर्स लावून, एकदा न लावता, एकदा 'ट्रेडर्स'च्या ऐवजी 'ट्रेडिंग', आणि एकदा नावापुढे कंसात जळगाव, कारण तेव्हा जो पोरगा होता त्याला जुनं लेजर (त्या सप्लायरचं खातं) सापडलं नाही म्हणून त्याने नवीन उघडलं.

आरपीए म्हणजे हातपाय असलेला रोबोट नाही. तुमचा पोरगा माऊसने जे करतो तेच क्लिक, तेच कॉपी-पेस्ट, त्याच क्रमाने करणारं सॉफ्टवेअर. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हाही त्याचा स्पीड तोच, जेवायला उठत नाही, सुट्टी मागत नाही. पण तुमच्या पोराला माहीत असतं की हे चार लेजर म्हणजे एकच शेठ, त्यातलं तिसरं वापरायचं, बाकी सोडायचे. हे ज्ञान कुठे लिहिलेलं नाही, त्याच्या डोक्यात आहे. बॉटला ते कोण सांगणार? तो पहिलं नाव जुळलं की तिथे एन्ट्री मारून मोकळा, आणि चारशे बिलं अर्ध्या तासात चुकीच्या जागी बसलेली असतील.

माझ्यावरच बेतलेलं सांगतो. मी एका पाइप कारखान्यात परचेस बघायचो तेव्हाची गोष्ट, आरपीए वगैरे नव्हतं, एका हुशार पोराने एक्सेलचा मॅक्रो बनवला होता, बिलावरचं नाव टाकलं की मास्टरमधून जीएसटी नंबर आपोआप यायचा. आम्ही खूष. आमचा पिशव्यावाला म्हणजे एकट्या मालकाचं दुकान, मधे त्याने मुलांना पार्टनर घेतलं. नाव तेच, पत्ता तोच, बिलबुकाचा रंगसुद्धा तोच, फक्त जीएसटी नंबर नवीन. मॅक्रो बिचारा चार महिने जुनाच नंबर टाकत राहिला. जीएसटी पोर्टलवर बिलं दिसतात नव्या नंबरावर, आमच्या पुस्तकात जुन्यावर, क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) अडकलं, मी त्या पिशव्यावाल्याला फोनवर नाही नाही ते बोललो आणि तो म्हणत होता भाऊ मी तर सगळं भरलंय. तो खरंच बोलत होता. नंतर त्याच्या दुकानात जाऊन चहा प्यावा लागला, बिल मीच दिलं.

सीएने ते कसं पकडलं ते ऐका, कारण तीच तुमची पहिली पायरी आहे. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा. पहिले दोन आकडे राज्याचे, आपले २७, गुजरातचे २४, एमपीचे २३. तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंत जी दहा अक्षरं आहेत तो त्या पार्टीचा पॅन. आणि पॅनमधलं चौथं अक्षर सांगतं की समोरचा कोण, पी म्हणजे एकटा माणूस, एफ म्हणजे भागीदारी फर्म, सी म्हणजे कंपनी, एच म्हणजे एचयूएफ, हिंदू अविभक्त कुटुंब. आमच्या मास्टरमधे पी होता, बिलावर एफ. एवढं एक अक्षर.

म्हणून एक्सेलमधे मिड फॉर्म्युला लावून जीएसटी नंबरातून पॅन वेगळा काढा आणि पॅनवर सॉर्ट करा. नावं कशीही लिहिलेली असू द्या, एकाच पॅनची सगळी लेजर शेजारी शेजारी येऊन बसतील. पण दिसले की लगेच मर्ज असं करू नका. तुमचा दाणेवाला सुरतहून पण माल पाठवत असेल आणि जळगावच्या गोडाऊनमधून पण, तर पॅन एक, जीएसटी नंबर दोन, आणि दोन्ही बरोबर. परराज्यातून येतो त्यावर आयजीएसटी लागतो, राज्यातल्यावर सीजीएसटी-एसजीएसटी. ती दोन लेजर वेगळीच पाहिजेत. हा निर्णय माणसाने घ्यायचा, यादी बॉट काढून देईल.

हे झालं की मग बॉटला काम द्या, आणि एकच द्या. माझ्या मते पहिलं काम २बी जुळवायचं. दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीआर-२बी तयार होतं, सप्लायरने जे बिल दाखवलं तेच तिथे येतं आणि १ जानेवारी २०२२ पासून जे तिथे नाही त्याचं क्रेडिट नाही. तुमची पोरं ही फाइल आणि खरेदी रजिस्टर शेजारी उघडून फूटपट्टी लावून टिका मारत असतील, दोन दिवस त्यात जातात. हे बॉटचं काम. पोर्टलला लॉगिन मात्र माणसाने करायचं, तिथे कॅप्चा असतो तो माणसासाठीच असतो, आमचा बॉट कॅप्चा पण फोडतो असं कोणी सांगितलं तर त्याला नमस्कार करा. फाइल पोराने डाउनलोड करून फोल्डरमधे टाकायची, पुढचं बॉट बघेल. फक्त एक खोड असते, बिलावर नंबर असतो २५-२६/०११२ आणि आपली पोरं टॅलीत नुसतं ११२ टाकतात. माणसाला ते एकच दिसतं, बॉटला ते दोन वेगळी बिलं. उद्यापासून बिल नंबर जसा छापलाय तसाच टाकायचा हा नियम भिंतीवर चिकटवा.

एन्ट्रीचं म्हणाल तर ते विकायला आलेले लोक बिलाचा फोटो काढला की सगळं वाचतो म्हणून डेमो दाखवतील. त्यांच्या स्वच्छ छापील बिलावर वाचतोच. तुमच्या वेल्डिंगवाल्याच्या कार्बन कॉपीवर वाचून दाखवा म्हणा. त्यापेक्षा सोपी वाट आहे, १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटीच्या वर उलाढाल असलेल्यांना ई-इनव्हॉइस लागू आहे, त्या बिलावर क्यूआर कोड असतो, त्यात दोघांचे जीएसटी नंबर, बिल नंबर, तारीख, रक्कम, मुख्य एचएसएन (मालाचा कोड) सगळं असतं. दाणा आणि मास्टरबॅच देणारे मोठेच असतात, त्यांची बिलं क्यूआर स्कॅनरने घ्या, चूक व्हायचं कारणच नाही. बारक्या दुकानांची बिलं पोरं हातानेच मारू देत, काही बिघडत नाही.

पुढचं काम पीओ (आपण दिलेली खरेदीची ऑर्डर), गेटवरची एन्ट्री आणि बिल हे तिन्ही जुळवणं. दाण्याच्या ४०० गोण्या, २५ किलोची एक, म्हणजे बिलावर १०,००० किलो, आणि गेटवर वॉचमनने मोजल्या ३९८. तो कागद परचेसपर्यंत पोचतो तोवर पेमेंट गेलेलं असतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. बॉट ते ५० किलो त्याच दिवशी समोर आणून ठेवतो. पण त्यासाठी वॉचमनची वही कॉम्प्युटरवर आली पाहिजे, आणि वॉचमनला पटवणं हे बॉटपेक्षा अवघड काम आहे, अनुभवाने सांगतोय.

दोन ठिकाणी बॉटला हात लावू द्यायचा नाही. एक, सप्लायरचा बँक खाते नंबर बदलणं. "आमचं खातं बदललंय, पुढचं पेमेंट यावर करा" असा मेल येतो, लेटरहेड हुबेहूब, आणि पैसे भलतीकडे जातात. खातं बदलायचं तर आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरावर फोन करायचा, मेलमधे दिलेल्या नंबरावर नाही, आणि दुसऱ्या माणसाने ओके केल्याशिवाय मास्टरमधे बदल नाही. दोन, नवीन लेजर उघडणं. बॉटला नाव सापडलं नाही तर त्याने थांबायचं आणि बाजूला काढून ठेवायचं, स्वतः शहाणपणा करायचा नाही.

आणि लाईट. ६० एन्ट्र्या झाल्या, लाईट गेली, आली, बॉट पुन्हा पहिल्यापासून सुरू, साठच्या साठ डबल. हे डेमोत कोणी दाखवत नाही. प्रत्येक ओळीपुढे 'झालं' असं त्याने लिहीत जायचं आणि एन्ट्री मारायच्या आधी तोच जीएसटी नंबर-तोच बिल नंबर आधी बसलाय का बघायचं, एवढं त्या पार्टीकडून करून घ्या. शिवाय स्क्रीनवर क्लिक मारत एन्ट्री करणारा बॉट टॅलीचा स्क्रीन जरा बदलला की अडखळतो, त्यापेक्षा टॅलीप्राइमच्या नव्या व्हर्जनमधे एक्सेलमधून थेट इम्पोर्ट आहे, बॉटने एक्सेल तयार करायची आणि इम्पोर्ट करायची, हे जास्त टिकतं.

पैशाचं शेवटी. विंडोज ११ सोबत पॉवर ऑटोमेट डेस्कटॉप फुकट येतं, माणसाने बटण दाबून चालवायचं असेल तर पैसे नाहीत, रात्री आपोआप चालवायचं तर लायसन. तीन महिने फुकटच्यावर २बी जुळवून बघा. जमलं तर मग आरपीए विकणाऱ्या कंपन्या, यूआयपाथ असो की ऑटोमेशन एनीव्हेअर, कोणाचंही कोटेशन घ्या, तोवर तुम्हाला काय विचारायचं ते कळलेलं असेल. आणि माणूस कमी करायचा विचार आत्ता सोडा भाऊ. ज्याच्या डोक्यात ते चार लेजरचं गणित आहे त्यालाच काढलं तर मास्टर साफ कोण करेल?

प्रश्न : आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे, केळी घेतो. सव्वादोनशे शेतकरी, कोणाकडे जीएसटी नाही. दर वेळी बँकेत अपलोड केलेल्या फाइलमधून आठ-दहा पेमेंट परत येतात आणि मग शेतकरी ऑफिसात येऊन बसतो. यात बॉटचा उपयोग आहे का?
– एक वाचक, रावेर

उत्तर : आहे, पण पैसे मोजायच्या आधी परत आलेली पेमेंट घेऊन बसा, कारणं तीन-चारच निघतील.

पहिलं एक्सेल. ते १५ आकड्यांच्या पुढचे आकडे शून्य करून टाकतं. पंजाब नॅशनल बँकेचा खाते नंबर १६ आकडी, तो साधा टाइप केला की शेवटचा आकडा गेला, आणि कोणाच्या लक्षातही येत नाही कारण नंबर दिसायला बरोबरच दिसतो. सुरुवातीचं शून्य पण असंच उडतं. कॉलम आधी टेक्स्ट करायचा, मग नंबर टाकायचा. दुसरं आयएफएससी, म्हणजे बँकेच्या शाखेचा कोड, ११ अक्षरं, पाचवं कायम शून्य, आणि आपली पोरं तिथे इंग्रजी ओ टाकतात. तिसरं जुन्या बँका. देना आणि विजया बँक २०१९ मधे बँक ऑफ बडोदात गेल्या, त्यांचे जुने कोड १ मार्च २०२१ पासून बंद, तुमच्या यादीत जुन्या पासबुकाचा फोटो बघून घेतलेले कोड असतील तर तिथेच अडकतंय. ही तिन्ही तपासणी बॉट फाइल अपलोड करायच्या आधी करू शकतो, खरं तर एक्सेलचे फॉर्म्युलेसुद्धा करतील.

नावाचा घोळ मात्र आपल्याकडचा खास आहे. एका गावात पाटील, महाजन, चौधरी इतके की नाव-आडनाव एकच असलेले तीन निघतात, मग वडिलांचं नाव, आणि तेही जुळलं तर 'विहिरीवाले' आणि 'टेकडीवाले'. पोरगं गाडी भरताना चिठ्ठीवर तसंच लिहितं. म्हणून प्रत्येक शेतकऱ्याला एक सभासद नंबर द्या आणि चिठ्ठीवर नाव असू दे, पण नंबर पाहिजेच. एनईएफटीची फाइल खाते नंबरावर चालते, दुसऱ्याच पाटलाला पैसे गेले की परत मागायला तुम्हालाच त्याच्या ओट्यावर जाऊन बसावं लागेल. नवीन खातं जोडताना १ रुपया पाठवून नाव काय येतं ते बघायची सोय बँका आणि पेमेंट कंपन्या देतात, सव्वादोनशे रुपयात तुमची सगळी यादी तपासून होते वर त्यांचं काय चार्ज असेल तो.

प्रश्न : मी धुळ्याला एका ऑइल मिलमधे सात वर्षं परचेस क्लार्क आहे. शेठ बॉट आणणार म्हणताहेत. मी काय शिकू? आणि नोकरी राहील का हे पण सांगा.
– एक वाचिका, धुळे

उत्तर : ताई, नोकरीची गॅरंटी मी कुठून देऊ, ती शेठच्या हातात. पण वरचं पहिलं उत्तर वाचा, त्यातली किती गोष्टी तुम्हाला आधीच माहीत होत्या ते मोजा. कोण पीचा एफ झाला, कोणाचं उद्यम रजिस्ट्रेशन (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) आहे, कोणाचं बिल नेहमी उशिरा येतं, हे सगळं.

कोडिंगच्या क्लासला पैसे घालू नका. पॉवर ऑटोमेट तुमच्याच कॉम्प्युटरवर असेल, त्यात रेकॉर्डर आहे, तुम्ही क्लिक करत जा, तो स्टेप लिहीत जातो. सोबत एक्सेलमधलं एक्सलुकअप आणि पिव्होट पक्कं करा. आणि बनवायला एक छोटी गोष्ट सांगतो जी शेठला लगेच दिसेल. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं पेमेंट लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत करावं लागतं, नाही केलं आणि वर्ष संपलं तर तो खर्च त्या वर्षी धरत नाहीत, ज्या वर्षी पैसे दिले त्या वर्षी धरतात, आयकराचं कलम ४३बी(एच) म्हणून सीए लोक मार्चमधे जी आरडाओरड करतात ती हीच. नुसत्या ट्रेडिंगवाल्यांना हा नियम लागत नाही, त्यामुळे मास्टरमधे उद्यम नंबरासोबत उत्पादक, सर्व्हिसवाला की व्यापारी हा कॉलम लागेल. तो कॉलम तुम्ही भरा, बॉटला रोज सकाळी "या आठवड्यात या नऊ जणांची मुदत संपतेय" एवढी यादी शेठच्या व्हॉट्सअॅपसाठी काढायला लावा, पाठवताना तुमच्या नावाने पाठवा.