वाचकांचे प्रश्न : बर्फाळ डोंगरातले फूल आणि सोलापूरची गच्ची

प्रश्न : सविनय नमस्कार. माझी मुलगी जर्मनीत म्युनिकला असते. गेल्या वर्षी येताना तिने 'एडलवाइस' या आल्प्स पर्वतातल्या प्रसिद्ध पांढऱ्या फुलाच्या बियांची दोन पाकिटे आणली. हे झाड अतिशय काटक आहे, वर्षानुवर्षे टिकते आणि कडाक्याच्या थंडीतही तगते, असे पाकिटावर लिहिले असल्याचे तिने सांगितले. जूनमध्ये पहिला पाऊस झाल्यावर मी एक पाकीट कुंडीत पेरले. शेतातली काळी माती आणि तितकेच शेणखत घातले होते. सात रोपे उगवली, पण दोन-चार पानांवर आली असताना एकेक करून बुंध्याशी काळी पडली आणि आडवी झाली. इतके काटक झाड माझ्याकडे का जगले नाही? दुसरे पाकीट अजून शिल्लक आहे. त्याचे काय करावे?
— एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर

उत्तर : रोपे गेल्याचे वाईट वाटणे साहजिक आहे, पण आपल्या हातून निष्काळजीपणा झालेला नाही. आपण त्यांची जी काळजी घेतली ती गुलाबाला किंवा मोगऱ्याला मानवली असती. या झाडाला नेमकी तीच सोसत नाही.

पाकिटावरचा 'काटक' हा शब्द खरा आहे, मात्र झाड कशापुढे काटक आहे हे तो सांगत नाही. एडलवाइस आल्प्समध्ये साधारण अठराशे ते तीन हजार मीटर उंचीवर, चुनखडीच्या खडकांच्या फटींत उगवते. तिथे माती मूठभर असते, पावसाचे पाणी क्षणभरही थांबत नाही, वारा सतत असतो, ऊन प्रखर असते आणि उन्हाळ्यातसुद्धा रात्री थंड असतात. हिवाळ्यात झाड कित्येक महिने बर्फाखाली निजलेले असते आणि त्या जाड थरामुळे खालची माती बाहेरच्या हवेइतकी गारठत नाही. थंडी, वारा, ऊन आणि उपासमार या चार गोष्टी या झाडाने पचवल्या आहेत. उष्ण रात्र आणि मुळाशी साचलेली ओल या दोन गोष्टींशी मात्र त्याची कधी गाठच पडलेली नाही, आणि सोलापुरात जून ते सप्टेंबर या काळात त्याला नेमक्या याच दोन गोष्टी एकत्र भेटतात.

रात्रीचा मुद्दा थोडा सविस्तर सांगतो, कारण बहुतेकांचे लक्ष दुपारच्या उन्हाकडेच असते. झाड दिवसा उजेडात अन्न तयार करते आणि दिवसरात्र श्वसनासाठी ते खर्च करते. रात्र जितकी उबदार, तितके श्वसन जलद आणि तितका खर्च अधिक. थंड रात्रींची सवय असलेल्या पर्वतीय झाडाला आपल्याकडची बावीस-तेवीस अंशांची पावसाळी रात्रसुद्धा महाग पडते, मग मे महिन्यातल्या रात्रींविषयी काय सांगावे. दिवसाची कमाई रात्रीच संपून जाते, झाड आतून अशक्त होत जाते आणि अशा अशक्त झाडाला बुरशी सहज गाठते. आपल्या रोपांना झाला तो 'मर' रोग. ओल्या मातीतल्या बुरशीमुळे कोवळे रोप बुंध्याशी कुजते आणि कोलमडते.

आता मातीविषयी. आपल्या जिल्ह्याची काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरलेला शाळू पुढे पाऊस न पडताही जमिनीतल्या ओलीवर कणसात येतो. जो गुण शाळूला तारतो तोच या झाडाला मारतो, कारण त्याच्या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते आणि भिजून फुगलेल्या चिकण मातीत हवेला जागाच उरत नाही. शेणखताने यात भरच घातली. भरपूर अन्न मिळाले की एडलवाइस लुसलुशीत आणि हिरवे वाढते, अंगावरची पांढरी लव विरळ होते आणि झाड लवकर दगावते. ही लव शोभेपुरती नाही. ती पानांतले पाणी उडून जाऊ देत नाही आणि डोंगरावरच्या तीव्र अतिनील किरणांपासून झाडाचे रक्षण करते. आपण ज्यांना पांढऱ्या पाकळ्या समजतो तीसुद्धा फुलाखालची लवदार पाने आहेत आणि खरी फुले म्हणजे मधोमध दिसणारे बारीक पिवळसर गेंद. झेंडू, शेवंती, सूर्यफूल आणि आपल्या शेतातली करडई ही सगळी याच कुळातली.

दुसरे पाकीट कोरड्या, घट्ट झाकणाच्या डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवावे. पावसाळ्यात काहीही पेरू नये. सप्टेंबरच्या शेवटी अर्धे बी चिमूटभर ओलसर बारीक वाळूत मिसळून, लहान पिशवीत घालून, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात तीन-चार आठवडे ठेवावे. बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये. या कृत्रिम हिवाळ्यामुळे बी पुष्कळदा अधिक सारखे उगवते. उरलेले अर्धे बी पुढच्या वर्षासाठी राखून ठेवावे, म्हणजे एका चुकीने सगळे हातचे जाणार नाही. दसरा उलटून परतीचा पाऊस थांबला की पेरणी करावी. बी अगदी बारीक असते आणि उगवायला त्याला उजेड लागतो, म्हणून ते वाळूसकट मातीवर नुसते पसरून हलकेच दाबावे, वरून माती टाकू नये. पाणी झारीने घालू नये, कुंडी पाण्याच्या परातीत ठेवून खालून शोषू द्यावे आणि वरचा पृष्ठभाग ओलसर दिसला की उचलून घ्यावी. दोन ते चार आठवड्यांत कोंब दिसतात.

कुंडी मातीचीच हवी, प्लॅस्टिकची नको. तिच्यात दोन भाग चाळून धूळ काढलेला जाडसर मुरूम, एक भाग जाड वाळू आणि एक भाग चांगले कुजलेले, चाळलेले पालापाचोळ्याचे खत भरावे. मुरूम आपल्याकडे मुबलक मिळतो आणि या कामाला त्याच्यासारखी वस्तू नाही. रोपे चार पानांची झाल्यावर वेगवेगळ्या कुंड्यांत लावावीत आणि प्रत्येकाच्या बुंध्याभोवती बोटाच्या पेराएवढा बारीक खडीचा थर द्यावा. पाणी त्या खडीतून झरकन खाली उतरते, बुंधा कोरडा राहतो, पाने ओल्या मातीला टेकत नाहीत आणि मातीही तापत नाही. एकच उपाय करायचा असेल, तर मी हा खडीचा थर सुचवेन. शेणखत, युरिया किंवा पेंडीचे पाणी यांपैकी काहीही घालू नये. बोअरच्या पाण्यातल्या चुन्याचे या झाडाला वावडे नाही, पण क्षार साचून कुंडीवर पांढरा थर येऊ लागला तर एकदा भरपूर गोडे पाणी ओतून ते पूर्ण निथळू द्यावे.

नोव्हेंबर ते जानेवारी हा झाडाचा सुखाचा काळ असतो. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास पहाटेचा पारा पंधरा अंशांच्या आसपास उतरतो आणि तेव्हा दिवसभराचे ऊनही त्याला चालते. फेब्रुवारीपासून त्याला केवळ सकाळचे ऊन द्यावे. कुंडी गच्चीच्या स्लॅबवर थेट ठेवू नये आणि पश्चिमेच्या भिंतीला टेकवूही नये, कारण दिवसभर तापलेला स्लॅब आणि भिंत मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतात. विटांवर ठेवलेल्या मोठ्या कुंडीत ही लहान कुंडी बसवावी, दोन्हींच्या मधल्या जागेत वाळू भरावी आणि केवळ ती वाळू सकाळ-संध्याकाळ ओली करावी. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते त्याच कारणाने मुळांशी गारवा राहतो, आणि मार्च-एप्रिलमधली आपली हवा इतकी कोरडी असते की हा उपाय समुद्रकाठच्या गावांपेक्षा सोलापुरात जास्त गुण देतो. उत्तरेकडची गॅलरी सावलीची म्हणून निवडली असेल तर एक ध्यानात ठेवावे, की मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत आपल्याकडे माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि त्या गॅलरीतही ऊन येते.

कोरड्या हवेत लाल कोळी आणि थंडीत मावा येतो. लवदार पानांवर तेलकट फवारा मारला की लव चिकटून पाने खराब होतात, म्हणून कडुनिंबाचे तेल वापरण्यापेक्षा मऊ कुंचल्याने कीड झाडून टाकावी.

इतके सगळे करूनही झाड मे महिना ओलांडेल असा भरवसा मी देऊ शकत नाही. बियांपासून वाढवलेले एडलवाइस सहसा दुसऱ्या वर्षी फुलते, आणि सोलापुरात त्याला दुसरे वर्ष दिसणे फार कठीण आहे. मी स्वतः दोन हिवाळे हा प्रयत्न केला. पहिल्या वर्षीची रोपे एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात गेली, दुसऱ्या वर्षी वाळूच्या कुंडीमुळे एक रोप जूनपर्यंत राहिले आणि पहिल्या सलग झडीत कुजले. फूल मी पाहिले नाही. परंतु पाच-सहा महिने त्या रुपेरी, मखमली पानांचा गुच्छ रोज सकाळी पाहण्याचे समाधान मिळाले. ते आपल्याला पुरेसे वाटत असेल तर अवश्य पेरावे. त्याला आपण वर्षायू झाड समजून वाढवले, तर ते गेल्यावर अपराधी वाटणार नाही.

आणखी एक गोष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. परदेशातून पेरणीचे बी आणण्यासाठी 2003 च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार आयात परवाना आणि त्या देशाचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. लहानशा पाकिटातूनही नवा रोग किंवा तण देशात येऊ शकते. मुलीने प्रेमाने आणले हे खरे, पण यापुढे तिने फुलाचे छायाचित्र आणावे.

प्रश्न : आम्ही ऑगस्टमध्ये केदारनाथला गेलो असताना तिथे देवाला वाहिलेले ब्रह्मकमळ पाहिले. आमच्या अंगणातल्या ब्रह्मकमळाशी त्याचे काहीच साम्य नव्हते. खरे कोणते? तिकडचे कंद आणून लावता येतील का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : आपण केदारनाथला पाहिलेले ते खरे ब्रह्मकमळ. ते उत्तराखंडाचे राज्यपुष्प आहे, हिमालयात साधारण साडेतीन हजार मीटरच्या वर उगवते आणि जुलै ते सप्टेंबरमध्ये फुलते. कमळाशी त्याचे नाते नाही, ते वर सांगितलेल्या एडलवाइसच्याच कुळातले आहे. त्याची फिकट पिवळसर, कागदासारखी मोठी पाने जांभळ्या फुलांच्या गेंदाला चहूकडून झाकून घेतात. त्यांतून उजेड आत जातो, पण बोचरा वारा आणि पाऊस बाहेरच राहतो, त्यामुळे आत बाहेरच्यापेक्षा ऊब असते. वनस्पतीने स्वतःसाठी बांधलेले हे हरितगृहच म्हणायचे.

आपल्या अंगणातले ब्रह्मकमळ हा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या जंगलांत झाडांच्या फांद्यांवर वाढणारा निवडुंग आहे. ज्याला आपण पान म्हणतो ते त्याचे चपटे खोड असते, म्हणून तर कळी 'पानाच्या' कडेच्या खाचेतून निघते. शेजारीपाजारी बोलावून, उदबत्ती लावून रात्री जागण्याची आपल्याकडची रीत फार सुंदर आहे आणि नाव चुकीचे आहे म्हणून ती सोडण्याचे काही कारण नाही. या निवडुंगाला सोलापूर-बार्शीकडे दुपारचे ऊन सोसत नाही, 'पाने' पिवळी पडून करपतात. आंब्याच्या किंवा कडुनिंबाच्या विरळ सावलीत, पालापाचोळ्याच्या भुसभुशीत खतात, किंचित लहान वाटेल अशा कुंडीत ते ठेवावे, थंडीत पाणी कमी करावे आणि पावसाळ्याच्या तोंडावर कुंडी बदलू नये, म्हणजे कळ्या धरतात.

हिमालयातून झाड, कंद किंवा बी आणण्याचा विचार कृपया मनातून काढून टाकावा. राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्ये यांतून वनस्पती उपटून आणणे हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. पूजेसाठी आणि औषधासाठी तोडून तोडून ही वनस्पती तिथेच कमी होत चालली आहे. आणलेले झाड बार्शीत आठवडाभरही टिकणार नाही, आणि तिथल्या उतारावरचे एक फूल मात्र कायमचे कमी होईल.

प्रश्न : बंगल्यासमोर दगड रचून डोंगरउतारासारखी लहानशी खडकबाग करायची आहे. आमच्या हवेत वर्षानुवर्षे टिकतील अशी कोणती फुलझाडे लावावीत?
— एक वाचक, अक्कलकोट

उत्तर : रचना पर्वतीय बागेसारखीच करावी, झाडे मात्र उष्ण प्रदेशातली निवडावीत. दगड एक तृतीयांश जमिनीत गाडावेत आणि मागच्या बाजूला किंचित कलते ठेवावेत, म्हणजे पावसाचे पाणी दगडामागच्या मुळांकडे जाते आणि दगडाखालची माती उन्हाळ्यातही गार राहते. काळी माती हातभर खणून काढावी आणि मुरूम भरावा. पिवळी काटेकोरांटी, सदाफुली आणि अडेनियम एकदा रुजली की आपल्याकडची मे महिन्याची दुपारही सहन करतात. अडेनियमला पावसाळ्यात मुळाशी पाणी साचलेले चालत नाही, म्हणून ते सर्वांत वरच्या फटीत लावावे. पुढच्या कडेला चिनी गुलाब पसरू द्यावा. निळे काही हवे असेल तर माळरानावर आपोआप उगवणारी विष्णुकांता आहे. तिचे फूल नखाएवढेच असते आणि सकाळीच उमलते, पण दगडाच्या कडेने पसरलेली विष्णुकांता मला विकतच्या कितीतरी रोपांपेक्षा देखणी वाटते. पावसाळ्याच्या अखेरीस तिचे पिकलेले बी गोळा करून जूनमध्ये फटींत टाकावे, कारण मोठे झाड मुळासकट उपटून लावले तर ते बहुधा जगत नाही.